शेजारी टॉवर येतोय? हरकत कशी घ्यायची, पुण्यापुरतं सांगतो

आधी एक कटू गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे साध्या बांधकाम परवानगीसाठी शेजाऱ्यांना विचारायची पद्धतच नाहीये. डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा बनतो तेव्हा किंवा त्यातलं आरक्षण बदलायचं असतं तेव्हा हरकती-सूचना मागवतात, पण एका प्लॉटवर वीस मजले चढवायचे असतील तर बिल्डरचा आर्किटेक्ट नकाशे टाकतो, महापालिका नियमाने तपासते आणि परवानगी देते. त्यामुळे "आम्ही दोनशे रहिवासी याला तीव्र विरोध करतो" असं पत्र आयुक्तांना दिलं तर त्याला आवक क्रमांक पडतो आणि ते फाइलला लागतं, बस.

म्हणजे काहीच करता येत नाही असं नाही, पण भांडण उंचीवर करू नका, मोजमापावर करा. ऊन येणार नाही, व्ह्यू जाईल, गर्दी होईल हे सगळं खरं असलं तरी बांधकाम परवानगी विभागातल्या इंजिनिअरच्या टेबलवर त्याला रकाना नाही. रस्ता किती मीटरचा आहे याला रकाना आहे.

कागद गोळा करा

सगळ्यात आधी प्लॉटचा सर्व्हे नंबर नाहीतर सिटी सर्व्हे नंबर, आणि पेठ किंवा गावाचं नाव. हे नसेल तर कुठल्याच खिडकीवर काम पुढे सरकत नाही. साइटवर फलक लावायचा नियम आहे, त्यावर मालक, आर्किटेक्ट, परवानगी क्रमांक असतो. फलकच नसेल तर तारीख दिसेल असा मोकळ्या पत्र्यांचा फोटो काढून ठेवा, तक्रारीतला पहिला मुद्दा फुकटात मिळाला.

मग महारेराची, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, वेबसाइट बघा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि फ्लॅटही आठापेक्षा जास्त असतील तर नोंदणी केल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही, आणि नोंदणी झाली की मंजूर नकाशा, सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, मजले, पार्किंग, सगळं तिथे घरबसल्या दिसतं. लोक आरटीआय टाकून महिनाभर वाट बघतात आणि तोच कागद तिथे आधीपासून पडलेला असतो.

जे तिथे नाही त्यासाठी आरटीआय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांत, महाराष्ट्रात तसा नियम आहे. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, त्याला उत्तरही तसंच गोल येतं. मंजूर नकाशे, रस्त्याची आखणी दाखवणारा नकाशा, फायर एनओसी, मार्जिनमध्ये म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत सवलत दिली असेल तर त्याचं टिपण, अशी नावं घेऊन मागा. आणि झेरॉक्सच्या आधी फाइल बघायला मागा, पहिला तास फुकट असतो, आणि खरा मसाला नकाशात नाही तर टिपणांत असतो, म्हणजे कोणी काय शेरा मारला आणि वरच्याने तो कसा ओलांडला ते. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात फाइली बघू द्यायची पद्धत पुणे महापालिकेत जुनी आहे, २०१८ मध्ये राज्याने परिपत्रक काढून ती सगळीकडे लागू केली, फक्त जायच्या आधी सध्या चालू आहे का ते विचारून घ्या. त्रयस्थ पक्षाची माहिती आहे म्हणून नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

आता टेप घ्या

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून कोणी करत नाही आणि नेमकं इथेच बरंचसं ठरतं. राज्यभरासाठी २०२० मध्ये यूडीसीपीआर नावाची एकत्रित नियमावली आली, त्यात तुमच्या प्लॉटवर किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बांधलेलं आहे. पुण्यात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१०. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर तेवढाच, वर प्रीमियम (महापालिकेला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर ०.५० प्रीमियमचा, ०.४० टीडीआर, मिळून २.००. असं करत ३० मीटरच्या रस्त्याला ३.०० पर्यंत जातं. शिवाय निवासी बांधकामाला पैसे भरून त्या सगळ्यावर साठ टक्के अनुषंगिक एफएसआय (जिने, बाल्कनी अशा भागांसाठीचा) वेगळा.

आता १००० चौरस मीटरचा प्लॉट धरा. रस्ता साडेआठ मीटर असेल तर सगळं धरून १७६० चौरस मीटर, आणि रस्ता ९ मीटर असेल तर ३२००. अर्ध्या मीटरचा फरक आणि इमारत जवळपास दुप्पट. (पेठा, गावठाण यांचे आकडे वेगळे, आणि जुन्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला जादा सवलत असते, तेव्हा हा हिशोब तसाच्या तसा उचलून पत्रात टाकू नका.)

मोजायचं कसं तर डांबर नाही मोजायचं, एका बाजूच्या कंपाउंड वॉलपासून समोरच्या कंपाउंड वॉलपर्यंत, फुटपाथ आणि गटार धरून. तीस मीटरचा टेप घ्या, पाच मीटरचा घरगुती टेप तीनदा लावला की मध्ये दोन-चार इंच खातोच. पहाटे जा, कारण नऊनंतर पार्क केलेल्या गाड्यांवरून टेप सरळ जात नाही. प्लॉटच्या समोर मोजाच, पण गल्ली मुख्य रस्त्याला लागते तिथपर्यंत दर पंधरा-वीस मीटरवर मोजत जा, जुन्या गल्ल्यांमध्ये एखाद्याची भिंत पुढे आलेली असते आणि तिथे रस्ता सात मीटरवर येतो. प्रत्येक मापाला टेपचा आकडा दिसेल असा फोटो, मागे घराचा नंबर किंवा विजेचा खांब.

मग ते माप नकाशावरच्या मापाशी लावून बघा. गोम अशी की जागेवर रस्ता सहा मीटरचा असला तरी कागदावर रुंदीकरणाची रेषा आखलेली असेल तर हिशोब रुंद रस्त्याचा लागू शकतो. २०२० मध्ये महापालिकेने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आणला होता, महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली, आणि त्यावरून किती वाद झाला ते आठवत असेल. त्यामुळे आपल्या गल्लीवर अशी रेषा आहे का हे आधी विचारा. तशी नोटीस पेपरात येते तेव्हा मात्र हरकतीची मुदत असते, आणि टॉवरला अडवायची खरी वेळ बऱ्याचदा तीच असते, टॉवरच्या दोन वर्षं आधी! तेव्हा सगळे "चला रस्ता मोठा होतोय" म्हणून खूश असतात.

बाकीच्या रेषा

रस्त्यात काही निघालं नाही तर पुढे बघा, सगळं सगळ्यांना लागू नसतं. मार्जिन सगळ्यांना लागू, उंच इमारतीला बाजूची मोकळी जागा साधारण उंचीच्या पाचव्या भागाइतकी लागते, म्हणजे ४० मीटर उंचीला आठेक मीटर. फाइलमध्ये कमी दिसली तर हार्डशिप म्हणजे अडचणीची जागा म्हणून सवलत दिलेली असते, ती कोणत्या कारणाने दिली ते टिपणात बघायचं आणि फायर एनओसीत बंबाची गाडी फिरायला किती जागा दाखवलीय त्याच्याशी ताडून बघायचं. दोन विभागांना दोन वेगळे नकाशे गेलेले असतील तर तो मुद्दा सोन्यासारखा.

नदीकाठी असाल तर निळी आणि लाल पूररेषा. मुठेला खडकवासल्यातून ६० हजार क्युसेक सोडल्यावरची निळी, एक लाखाची लाल. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत काय झालं ते बघितल्यावर हा मुद्दा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. टेकडीच्या पायथ्याला असाल तर बीडीपी (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) आणि डोंगरउताराचे झोन. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस यांच्या आसपास शंभर मीटरमध्ये नवीन बांधकाम चालत नाही, पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते. लोहगावच्या बाजूला विमानतळाची उंचीची एनओसी.

झाडांसाठी मात्र रीतसर हरकत घेता येते. झाडावर नोटीस चिकटवतात, हरकतीला सात दिवस, आणि पावसात नोटीस गळून पडते, तेव्हा सकाळी फिरायला जाणाऱ्या एका माणसाला हेच काम द्या. ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, त्याचे नियम कडक आहेत.

प्रोजेक्ट २०,००० चौरस मीटर बांधकामाच्या वर गेला की पर्यावरण मंजुरी लागते. बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी नसते, पण अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर दिसतो आणि राज्याच्या तज्ज्ञ समितीला तुम्ही लेखी म्हणणं पाठवू शकता. पाणी कुठून आणणार हे त्यात लिहावं लागतं, ते नीट वाचा, टँकरवर भिस्त असेल तर तसं दिसतं. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत पाण्यावरूनच हायकोर्टाने नव्या परवानग्या काही काळ थांबवल्या होत्या, म्हणजे पाण्याचा मुद्दा अगदीच भावनिक नाही, फक्त तो आकड्यांनी मांडायला लागतो. वर्षभराची टँकरची बिलं सोसायटीच्या ऑफिसात असतातच.

पत्र

एक पान, फार तर दीड. शहर अभियंता आणि बांधकाम परवानगी विभागाला, प्रत आयुक्तांना, झाडांचं असेल तर उद्यान विभागाला, फायरचं असेल तर अग्निशमनला. सुरुवात साधारण अशी:

"सर्व्हे नं. अमुक, येथील प्रस्तावित इमारतीच्या नकाशात पूर्वेकडील रस्ता ९ मीटर दर्शविला आहे. प्रत्यक्ष मोजणीत सदर रस्ता चार ठिकाणी ७.८ ते ८.४ मीटर भरतो (फोटो १ ते ४). कृपया आमच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी करावी आणि तोपर्यंत पुढील परवानगी देऊ नये."

बघा, यात विरोध हा शब्दच नाही. मागणी एकच आणि नाही म्हणायला अवघड. पाच मुद्दे असतील तर भक्कम दोनच टाका, कच्चे तीन टाकले की उत्तर त्या तिघांनाच येतं आणि पत्र निकाली निघतं. सह्यांपेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर कमिटीच्या ठरावाचा उल्लेख जास्त कामाचा. पत्र हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, "साहेबांना देतो" म्हणून कोणी प्रत ठेवून घेतली तर ती पोच नव्हे. मग पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकावर आरटीआय, की पत्रावर काय कारवाई झाली. नगरसेवकाला भेटायचं तर ही पोच हातात घेऊनच.

व्हॉट्सॲपवर बिल्डरला चोर-बिर म्हणणं बंद करा, ते स्क्रीनशॉट अब्रुनुकसानीच्या नोटिशीला लागतात आणि मग सेक्रेटरी काका घाबरून राजीनामा देतात. बिल्डरने चहाला बोलावलं तर जा, पण दोघं-तिघं जा आणि जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ईमेलवर टाका.

टॉवर तुमच्याच कॉम्प्लेक्समध्ये येत असेल तर

मग सगळा खेळ वेगळा आणि तुमची बाजू जास्त भक्कम. फ्लॅट घेताना ब्रोशरमध्ये गार्डन होतं, आता तिथे 'डी' विंग येतेय, अशी प्रकरणं हिंजवडीपासून हडपसरपर्यंत आहेत. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर लेआउट बदलायला दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, महारेराकडे तक्रार करता येते. फक्त आधी तुमचं ॲग्रीमेंट काढून वाचा, त्यात "भविष्यातील एफएसआय वापरण्यास संमती" असं वाक्य कुठेतरी असणारच, आणि ते वाक्य कितपत चालतं हे वकिलाला विचारायचं, ग्रुपवर नाही.

कोर्ट

पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर एनजीटी म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच, कौन्सिल हॉलसमोर आहे. मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०, त्यापुढे दारच बंद. बांधकाम परवानगीला आव्हान म्हणजे हायकोर्ट, आणि त्यासाठी मुंबईच, २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच झालं पण पुणे त्यात नाही. खर्च मोठा आहे, पंधरा मजले झाल्यावर गेलात तर कोर्ट पहिला प्रश्न इतके दिवस कुठे होतात हाच विचारतं.

परवानगी कायद्यातच बसत असेल तर

तसंही होतं, आणि मग हट्ट सोडून स्वतःची इमारत सांभाळायची. खोदाई सुरू व्हायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आपल्या इमारतीची पाहणी करून घ्या, भेगांचे फोटो तारखेसकट, आणि शक्यतो बिल्डरच्या माणसाची सही त्यावर. मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करा, भेग वाढली की काच तडकते, वाद घालायला जागा राहत नाही. खोदाईच्या कडेला असलेली सीमाभिंत पावसाळ्याआधी तपासून घ्या, जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण गेले. रात्री १० ते सकाळी ६ आवाज चालू राहिला तर ११२ ला फोन, आणि जोतं झालं की जोते तपासणीचा दाखला मागवून मार्जिन पुन्हा एकदा टेपने मोजा, कारण तिथे खाल्लेलं अंतर वरच्या वीस मजल्यांत परत मिळत नाही.