वाळवंटातील पिढीजात युद्धाची कादंबरी लिहिताना या चुका टाळा

वाळवंटातील टोळ्या आणि त्यांनी वाळीत टाकलेला एक समाज यांच्यात तीन-चार पिढ्या चाललेले काल्पनिक युद्ध हा कादंबरीसाठी मोहक विषय आहे, आणि गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडच्या नवोदितांची जी हस्तलिखिते वाचायला मिळतात त्यांत तो अधूनमधून भेटतोही. सुरुवात बहुधा दमदार असते. दुसऱ्या पिढीपाशी येऊन मात्र कथा रुतते. प्रसंग कमी पडले असे समजून लेखक आणखी एक लढाई घालतो आणि लढाईगणिक मजकूर अधिकच शिळा होत जातो. माझ्या मते दोष तिथे नसतोच. या दोन्ही पक्षांचे एकमेकांवाचून अडते, ही गोष्ट पहिल्या काही प्रकरणांत पक्की केलेली नसते. ज्याच्यावाचून आपले काहीच अडत नाही त्याला माणसे एकदा हाकलतात आणि विसरून जातात. त्याच्याशी चार पिढ्या लढत बसत नाहीत. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका उणिवेतून उगवतात.

समुद्र वजा केलेला किनारा

पहिली चूक ओळखायला सोपी आहे. ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे वाढलेला लेखक वाळवंट रंगवू लागला की नकळत मिरामार किंवा मोरजीचा किनारा घेतो आणि त्यातला समुद्र पुसून टाकतो. जैसलमेरला वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पाऊस धड होत नाही. जगातील वाळवंटांचा बराच मोठा भाग वाळूच्या टेकड्यांचा नसून दगडगोट्यांचा, मुरमाड आणि खारट मातीचा आहे, त्यामुळे सगळी कथा टेकड्यांवरच घडवली तर ती चित्रातल्यासारखी दिसू लागते.

याहून बारीक खूण घामाची आहे. आपल्याकडे मे महिन्यात सदरा पाठीला चिकटतो, म्हणून हस्तलिखितातला योद्धाही कपाळावरून निथळणारा घाम पुसत बसतो. कोरड्या हवेत घाम निथळेपर्यंत टिकतच नाही. तो उडून जातो, कातडीवर मिठाची बारीक पूड उरते, ओठ फुटतात आणि आपल्या अंगातून किती पाणी गेले हे त्या माणसाला स्वतःलाच कळत नाही. तहानेने माणूस अचानक कोसळतो असा प्रसंग लिहायचा असेल, तर त्याची तयारी या पांढऱ्या पुडीपासून करावी. रात्रीच्या थंडीचा विसरही बऱ्याच जणांना पडतो. दिवसभर होरपळलेला पहारेकरी पहाटे घोंगडीत कुडकुडत असायला हवा.

पाण्याचा हिशेब न करता काढलेली स्वारी

हजारो स्वारांचे सैन्य धुळीचे लोट उडवत निघाले, असे वाक्य आले की मी पेन्सिल हाती घेतो. दोनशे माणसांची तुकडी विहिरींना टाळून पाच दिवसांच्या वाटेवर निघाली असे समजा. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला सहा लिटर पाणी धरले, तर एका दिवसाचे बाराशे आणि पाच दिवसांचे सहा हजार लिटर होतात. म्हणजे सहा हजार किलो वजन. एका उंटावर दीडशे किलो ओझे लादले तर नुसत्या माणसांच्या पाण्यासाठी चाळीस उंट लागतात, आणि यात कातडी पखालींचे वजन, धान्य, शस्त्रे, परतीची वाट यांतले काहीच धरलेले नाही. घोडे असतील तर गणित पार मोडते, कारण घोड्याला रोज पाणी लागते. अरबस्तानातील बेदुइन, म्हणजे भटक्या उंटपाळ टोळ्यांचे लोक छाप्याला जाताना उंटावर बसत आणि घोडी सोबत चालवत नेत. अगदी हल्ल्याच्या वेळीच तिच्यावर स्वार होत.

हा हिशेब एकदा मांडला की कथेचे पुष्कळ दोष आपोआप सुटतात. युद्ध आपसूकच लहान टोळ्यांचे, छाप्यांचे, विहिरींभोवतीचे होते. छाप्याचा हेतू शक्यतो माणसे मारण्याचा नसून जनावरे पळवण्याचा असतो, कारण एका मृत्यूमागे सूडाचे कर्ज डोक्यावर येते. मोसमही ठरतो: हिरवा चारा असतो त्या थंडीच्या दिवसांत उंट पाण्याविना आठवडेच्या आठवडे काढू शकतो, उन्हाळ्यात मात्र सगळ्यांनाच विहिरीजवळ राहावे लागते. उंटाच्या मदारीत चरबी असते, पाणी नव्हे. ही चूक शाळकरी वाटते, पण ती अजूनही छापली जाते. तहानलेला उंट विहिरीवर आला की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो, म्हणून शत्रूच्या तळाजवळ किती उंट आले हे विहिरीची खोल गेलेली पातळी पाहून ओळखता येते. असा एक प्रसंग तीन लढायांपेक्षा जास्त काम करतो.

वाळीत टाकलेले लोक नुसते दीनवाणे किंवा नुसते भयंकर दाखवणे

या विषयाचे मर्म इथे आहे आणि सर्वांत गंभीर चुकाही इथेच होतात. बहुतेक हस्तलिखितांत बहिष्कृत समाज गुहेत राहतो, चिंध्या नेसतो, मूकपणे सोसतो आणि एके दिवशी पेटून उठतो. तो इतकी वर्षे खात काय होता, हे लेखकाने स्वतःला विचारलेले नसते.

खऱ्या वाळवंटात काय घडत आले ते पाहणे उपयोगी ठरेल. अरबस्तानच्या उत्तर भागात सुलुब्बा नावाचे लोक होते. ते हरणांची शिकार करत, गाढवांवरून फिरत, धातूची आणि लाकडाची कामे करत, जनावरांवर व माणसांवर औषधोपचार करत. उंटवाल्या टोळ्या त्यांना हलके लेखत, त्यांच्याशी सोयरीक करत नसत. पण त्यांच्यावर छापा घालणे हेही कमीपणाचे मानत. आडवाटेचे पाणवठे या लोकांना ठाऊक असत आणि वाट दाखवायला टोळ्यांना त्यांचीच गरज पडे. सहारातील तुआरेग लोकांमध्ये लोहारांचा वर्ग असाच वेगळा राहिला आहे: तलवार, खोगीर, दागिने त्याच्याकडून घ्यायचे, लग्नाची बोलणीही त्याच्यामार्फत करायची, पण मुलगी द्यायची नाही आणि त्याच्या जिभेला मात्र भ्यायचे.

तिरस्कार, गरज आणि भीती अशी तिहेरी वीण जमली की युद्ध टिकाऊ होते. तुमच्या बहिष्कृतांकडे टोळ्यांना न येणारी एखादी विद्या असू द्या. बुजलेल्या विहिरी शोधणे, मिठाची वाट जाणणे, तुटलेले हाड बसवणे, काहीही चालेल. मग त्यांना ठार करणे म्हणजे पुढच्या दुष्काळात स्वतः मरणे होईल, आणि दर पिढीत कुणी तरी टोळीप्रमुख रात्रीच्या वेळी गुपचूप त्यांच्या वस्तीवर जाईल. ही रात्रीची भेट ज्या कादंबरीत नाही तिच्यातला संघर्ष मला खरा वाटत नाही.

दुसरी चूक अधिक घातक आहे. या लोकांचा विटाळ लेखक कथेच्या जगात खरा करून टाकतो: त्यांच्या स्पर्शाने पाणी नासते, त्यांच्या रक्तात शाप असतो, त्यांच्या सावलीने रोग पसरतो. हेतू अद्भुताचा असतो, परिणाम मात्र टोळ्यांच्या बाजूने साक्ष दिल्यासारखा होतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी माणसांना मोर्चा काढावा लागला, हे ज्या भाषेच्या वाचकाला माहीत आहे त्याच्यापुढे असे विटाळाचे पाणी ठेवताना दहादा विचार करावा. टोळ्यांचा तसा समज असू द्या, कथेतल्या पाण्याने मात्र त्याला दुजोरा देऊ नये. याच कारणासाठी एखाद्या खऱ्या जमातीचे नाव वा तिची दैवते उचलून या काल्पनिक समाजावर चिकटवणेही टाळावे.

या दोन गटांतले अंतर दाखवायला लांबलचक निवेदन लागत नाही. टोळीतला दहा वर्षांचा पोर बहिष्कृतांच्या पिकल्या केसांच्या म्हाताऱ्याला ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि म्हातारा त्याला ‘आलो, धनी’ म्हणतो, एवढ्यात सगळे आले. गावच्या जत्रेतील ऐतिहासिक नाटकांचे संस्कार आपल्यावर खोल आहेत, त्यामुळे टोळीप्रमुख तोंड उघडताच सरदारी थाटाची स्वगते सुरू होतात; ती प्रेमाने, पण निर्दयपणे कापावीत.

पिढी बदलते, कारण तेच राहते

दुसरी पिढी रुतण्याचे हे थेट कारण. आजोबा ज्यासाठी लढले त्याचसाठी नातू लढतो असे दाखवले की वाचकाला एकाच माणसाची तीन नावे दिसतात. अरबी परंपरेत बसूसचे युद्ध एका उंटिणीवरून पेटले आणि चाळीस वर्षे चालले असे सांगतात. उंटीण पहिल्याच दिवशी संपली, पुढचे सगळे मेलेल्यांच्या हिशेबावर चालले. आपल्याजवळचा दाखला गोव्यातल्या सत्तरीच्या राणे घराण्याचा आहे. १८५२ साली दीपाजी राणे यांनी पुकारलेल्या बंडामागे जमिनीचे हक्क आणि कर हे विषय होते. १८९५ च्या बंडाला तोंड फुटले ते पोर्तुगीज सैन्यातील मराठा शिपायांनी आफ्रिकेत जाण्यास नकार दिल्यामुळे, आणि मग दादा राणे त्यात उतरले. लोकांच्या तोंडी दोन्ही ‘राण्यांचे बंड’च.

म्हणून प्रत्येक पिढीसमोर एका ओळीत कारण लिहून ठेवावे. पहिलीत बुजवलेली विहीर, दुसरीत मारलेला भाऊ, तिसरीत मिठाच्या वाटेवरचा कर. चौथीत कदाचित एवढेच की शत्रू नसेल तर टोळीप्रमुखाचे ऐकायचे कशाला. सोबत वंशावळीचा तक्ता हवा, ज्यात दर मोठ्या घटनेच्या वेळी कोणाचे वय किती हे मांडलेले असेल. एक पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरली तर तिसरीच्या भरात पहिला खून डोळ्यांनी पाहणारे जवळजवळ कोणी उरत नाही, आणि तरीही हस्तलिखितांत कुणी तरी म्हातारी तो तपशीलवार सांगत असते.

साक्षीदार गेल्यावर आठवण वस्तूंत आणि विधींत राहते. कुंकळ्ळीत १५८३ साली पाच जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रचारक) मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावकरांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. गावची देवी शांतादुर्गा फातर्पा गावी हलवली गेली. आजही छत्रोत्सवात ती कुंकळ्ळीला येते तेव्हा बारा वांगडांच्या, म्हणजे गावकरांच्या मूळ कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या तिच्याबरोबर निघतात, गुलाल उधळला जातो, आणि त्या वांगडांतील हिंदू व ख्रिस्ती दोन्ही घरांची माणसे त्यात असतात. कोणती छत्री कोणाची यावर आख्खी कादंबरी उभी राहू शकते. तुमच्या टोळ्यांना अशी एखादी वस्तू द्या, आणि चौथ्या पिढीतल्या मुलाला तिचा अर्थ थोडा चुकीचा सांगितला जाऊ द्या.

एका लग्नात मिटलेले वैर

शेवटी टोळीप्रमुखाची मुलगी आणि बहिष्कृतांचा तरुण यांचे लग्न लावून चार पिढ्यांचे वैर मिटवण्याचा मोह फार जणांना होतो. वाळवंटी परंपरेत तह हा मोजणीचा व्यवहार असतो: दोन्हीकडचे मेलेले मोजतात, जास्तीच्या प्रेतांचे मोल उंटांत देतात. दाहिस आणि गबरा या घोड्यांच्या शर्यतीवरून पेटलेले युद्ध थांबले ते दोघा प्रतिष्ठितांनी हे मोल स्वतःच्या पदरचे उंट देऊन चुकवले तेव्हा.

तुमच्या कथेत हीच मोजणी अडायला हवी. टोळीच्या माणसाचे मोल शंभर उंट ठरलेले आहे. बहिष्कृताचे आजवर कोणी ठरवलेच नाही, कारण त्याला मारणे गुन्ह्यातच धरले जात नव्हते. मध्यस्थ आधी दहा म्हणेल, मग कुरकुरत वीस. समोरची बाई एकेका मेलेल्याचे नाव घेऊन शंभरावरच अडून बसेल. हा प्रसंग शेवटच्या प्रकरणात कोंबू नये. तो पाऊण कादंबरी झाल्यावर आणावा, म्हणजे बोलणी फिसकटून पुन्हा सुरू व्हायला पुरेशी पाने उरतील.