ऑपरेशनआधीचे पंधरा दिवस: यकृताचं पथ्य आणि स्कॅनचा फॉर्म

गेली चौदा वर्षं मी पुण्यात बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीच्या, म्हणजे वजन कमी करण्यासाठीच्या ऑपरेशनच्या, पेशंटचा आहार बघते. तारीख ठरली की समोर बसलेला माणूस हमखास विचारतो, "मॅडम, पोट तर लहान करणारच आहात, मग आधी पंधरा दिवस हे पथ्य कशाला?"

मला त्याचं उत्तर ऑपरेशन थिएटरमध्ये मिळालं. सर्जननी स्क्रीनजवळ बोलावून दाखवलं. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. निरोगी यकृत गडद तांबूस, कडेला धारदार. त्या दिवशीचं पिवळट होतं, कडा फुगून गोल झालेल्या. ते वर उचलून धरल्याशिवाय जठराचा वरचा भाग दिसत नाही, आणि असं चरबीनं जड झालेलं यकृत उचलताना फाटून रक्तस्राव होऊ शकतो. पथ्य त्यासाठी आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३२ जणांना १२ आठवडे अगदी कमी उष्मांकांवर ठेवून स्कॅनने यकृत मोजलं. जेवढं आक्रसलं त्यातलं ८० टक्के पहिल्या दोन आठवड्यांतच.

आता सगळ्यात मोठा धोका सांगते: साबुदाणा. "पथ्य म्हणजे उपासच की" असं समजून एका काकूंनी अंगारकीला खिचडी, रताळं आणि वर राजगिऱ्याची वडी खाल्ली. त्यांच्या मते त्या दिवशी पथ्य सर्वांत कडक झालं होतं! पिष्ट आणि साखर यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि सोबत तिप्पट पाणी धरून ठेवते. तेच तर आपल्याला काढायचंय. या पंधरवड्यात उपास आला तर ताक आणि पनीरवर काढा.

साधारण ८०० ते १००० उष्मांक, प्रथिनं ६० ग्रॅमच्या वर. सकाळी आणि संध्याकाळी साय काढलेलं कपभर दूध, त्यात डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर. दुपारी १०० ग्रॅम कमी चरबीचं पनीर किंवा तेवढंच चिकन, मासे. दुधी, दोडका, पडवळ, मेथी यांपैकी भाजी पोटभर, एक छोटा फुलका. रात्री वाटीभर मुगाचं घट्ट वरण आणि भाजी, भात नाही. तेल दिवसाला दोन चमचे, आणि चमचा म्हणजे चहाचा. कढईत अंदाजानं ओतू नका. सकाळीच दोन चमचे वाटीत काढून ठेवा. पाणी दोन-अडीच लिटर. नारळपाणी, फळांचा रस, गूळ घातलेलं सरबत बंद. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरच ठरवतील. पहिले तीन दिवस डोकं दुखतं, चौथ्या दिवसापासून बरं वाटतं.

गोळ्यांचं मात्र कळकळीनं सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका मधुमेही गृहस्थांना तक्ता दिला आणि त्यांच्या ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीबद्दल कुणालाच विचारलं नाही. तिसऱ्या रात्री घामानं अंथरूण भिजलं, रक्तातली साखर ५४ वर उतरलेली. बायकोनं साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून औषधांची यादी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी तक्ता देत नाही. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, लघवी वाढवणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्या पथ्य सुरू व्हायच्या आधीच बहुधा कमी कराव्या लागतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर ते मुद्दाम सांगा: कमी पिष्टाच्या आहारात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, साखर फारशी वाढलेली नसतानाही. ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवतात. स्वतःहून काही बंद करू नका.

काही ठिकाणी याच काळात संशोधनासाठी "अभ्यासात भाग घ्याल का" असं विचारतात, आणि स्कॅनच्या संमतीच्या फॉर्मवर 'किरणोत्सर्ग' शब्द वाचून माणूस दचकतो. घाबरू नका, पण विचारा. चरबी-स्नायू मोजणारा डेक्सा स्कॅन फार कमी किरणांचा. निसर्गातून आपल्याला एक-दोन दिवसांत मिळतात साधारण तेवढीच. पोटाचा सीटी मात्र ८ मिलिसिव्हर्टच्या (हे किरणांची मात्रा मोजायचं माप) आसपास, म्हणजे साधारण तीन वर्षांची नैसर्गिक मात्रा, आणि देह मोठा असेल तर चित्र स्वच्छ यायला किरणं आणखी लागतात. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये ही किरणं नसतातच.

म्हणून विचारायचं ते असं: हा स्कॅन माझ्या उपचारासाठी आहे की फक्त अभ्यासासाठी? किती वेळा? सीटीऐवजी एमआरआय चालेल का? टेबल किती किलो पेलतं? हा शेवटचा प्रश्न आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. तिथे जाऊन परत पाठवलं की माणूस फार दुखावतो. पाळी चुकली असेल तर आधी गरोदर आहात का याची चाचणी. फॉर्म मराठीत मागा. मधेच नाही म्हणालात तरी उपचार थांबवता येत नाहीत. सही केलेली प्रत घरी न्या आणि पथ्याच्या वहीतच ठेवा.