गोऱ्या सोजिराचा माग काढताना

वसाहतीत आलेल्या साध्या ब्रिटिश सैनिकावर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर माझं पहिलं वर्ष कशात गेलं ते आधी ऐका. मी अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि पत्रं वाचत बसले. त्यांत शिकारी होत्या, मेजवान्या होत्या, बढत्या होत्या. आपले जुने लोक ज्याला ‘गोरा सोजीर’ म्हणत, तो फार तर दारूच्या गुन्ह्यात दिसे. कित्येकांना लिहिताच येत नव्हतं. सहीच्या जागी फुली.

तो मला खरा भेटला लंडनला, क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजच्या ‘डब्ल्यू ओ ९७’ या मालिकेत (‘डब्ल्यू ओ’ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटिश युद्धखातं). हे डिस्चार्जचे कागद. जन्मगाव, भरतीआधीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, ‘ईस्ट इंडीज’मध्ये, म्हणजे भारताकडे, काढलेली वर्षं, नोकरी सुटल्याचं कारण. मजूर, विणकर, मोची. आणि आयर्लंडची गावं तर पानोपानी! १८३० च्या सुमारास त्या सैन्यात शंभरात सुमारे ४२ जण आयरिश होते, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

पण इथेच नवखा फसतो. मीही फसले. १८८३ पूर्वीच्या या कागदांत मुख्यतः पेन्शनीपर्यंत पोचलेलेच आहेत. नोकरीत मेला तो त्यांत नाही. आणि मरत किती! १८६३ च्या शाही आयोगाने भारतातल्या गोऱ्या फौजेचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ सांगितला. त्यात लढाईपेक्षा कॉलरा, हगवण, ताप, यकृताचे विकार यांचाच वाटा मोठा. अशा नोकरीत मेलेल्यांसाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या, चर्च-नोंदी पाहा. मुंबई इलाख्याची मालिका ‘एन ३’. तिथे बायका-मुलंही सापडतात. एकाच आडनावाचा बाप्तिस्मा आणि दफन काही दिवसांच्या अंतराने दिसलं, की त्या दिवशी मला पुढचं पान उलटवत नसे.

देवळालीलाही जाऊन या. मुदत संपलेले सैनिक तिथल्या छावणीत परतीच्या बोटीची वाट पाहत, आणि बोटी सुटत थंडीच्या मोसमात. त्या रिकाम्या महिन्यांत माणसं भ्रमिष्ट होत. इंग्रजीतला ‘डुलाली टॅप’ हा शब्द तिथला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

सुरुवातीला एकच पलटण धरा. हजेरीपटातून, म्हणजे ‘डब्ल्यू ओ १२’ मधून, दहा नावं उतरवून घ्या आणि प्रत्येकाचा शेवट शोधा. ज्याचा पेन्शनीचा कागद मिळत नाही, त्याला आधी दफनाच्या नोंदीत पाहा.