इंग्लंडच्या खेड्यातला युद्धस्मारकाचा क्रूस कसा वाचायचा

आमच्याकडे पाहुणे आले की समुद्र दाखवून झाल्यावर मी त्यांना चर्चच्या आवारात नेतो. "लोकांना कबरी कसल्या दाखवता?" हे बायकोचं ठरलेलं वाक्य. पण मी मूळचा साताऱ्याकडचा, राहतो दक्षिण इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यात, आणि इथल्या क्रुसांवरची काही नावं आपल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्यांची आहेत. ती ओळखायची कशी, ते सांगतो.

असे क्रूस इथे गावोगाव दिसतात, त्याला कारण आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचे देह घरी आणायला सरकारने मनाई केली होती. आईबापांना फुलं वाहायला जागाच उरली नाही, म्हणून युद्धानंतर गावांनी वर्गणी काढून हे दगड उभे केले.

जायचं ते सकाळी लवकर नाहीतर उतरत्या उन्हात. भर दुपारी अक्षरं सपाट दिसतात. आभाळ भरलेलं असेल (बहुधा असतंच) तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा; कोरलेल्या खाचांत सावली भरते आणि पुसट झालेलं नाव वर येतं. अक्षरांवर खडू, पीठ काही चोळू नका, तारेचा ब्रश तर नकोच. आमच्याकडचा पोर्टलंडचा पांढरट दगड तसा मऊ, एकदा झिजला की झिजला. त्यावर पिवळं-करडं दगडफूल धरलेलं असतं. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे हे भाऊबंद. त्यालाही हात लावू नका, खरवडताना दगडाचा पापुद्राच निघून येतो.

आता चौथऱ्याला पूर्ण प्रदक्षिणा घाला. नावं चारही बाजूंना असू शकतात, आणि दुसऱ्या महायुद्धातली बहुतेकदा जागा उरेल तिथे, खालच्या पायरीवर बसवलेली असतात. १९१४-१९१९ असं दिसलं तर ती चूक नव्हे. लढाई थांबली ११ नोव्हेंबर १९१८ ला, पण व्हर्सायचा तह झाला जून १९१९ मध्ये; कुठल्या गावाने हे साल धरलं, कुठल्या गावाने ते. काही ठिकाणी हुद्दे आहेत, काही ठिकाणी मुद्दाम गाळले आहेत, म्हणजे जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या शेतावरचा गडी वर्णानुक्रमाने एकाखाली एक. मला हीच पद्धत पटते. तोफखान्याच्या माणसापुढे 'ड्रायव्हर' असेल तर मोटार डोळ्यांपुढे आणू नका; तोफ ओढणारे घोडे हाकणारा तो. एकच आडनाव दोनतीनदा आलं तर भाऊ असण्याची शक्यता मोठी.

क्रुसावर पलटण नसेल तर चर्चच्या आत जा. दिवसा दार उघडं असतं बहुधा. भिंतीवर पितळेची किंवा लाकडाची पाटी असते, तिच्यावर पुष्कळदा पलटण सापडते. तेवढं टिपून घ्या आणि घरी येऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर आडनाव, आद्याक्षर, पलटण घालून शोधा. तारीख, कबर किंवा स्मारक, आणि नशीब असेल तर 'अमक्याचा मुलगा, अमुक गावचा' अशी ओळही मिळते. तिथे गावाचं नाव जुळलं की माणूस पक्का.

डॉर्सेटच्या गावात 'मेसोपोटेमिया' (म्हणजे आजचा इराक) किंवा 'दुसरी बटालियन, डॉर्सेट रेजिमेंट' दिसलं की थांबा. ही बटालियन १९१४ साली पुण्यात होती. सहाव्या पूना डिव्हिजनच्या १६ व्या ब्रिगेडमधून ती इराकात उतरली, आणि त्याच ब्रिगेडमध्ये होती ११७ वी मराठा, आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पूर्वज. एप्रिल १९१५ ला शैबाच्या लढाईत दोन्ही पलटणी होत्या. डिसेंबरपासून डिव्हिजन इराकातल्या कुत गावात तुर्की फौजेने वेढली, घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तुर्कांच्या कैदेत पुष्कळ जण मेले. त्यामुळे क्रुसावरच्या माणसाची तारीख १९१६ च्या उन्हाळ्यातली किंवा त्यानंतरची असेल, तर तो कैदेत मेला का हे तपासा.

इराकात पडलेल्यांपैकी ज्यांची कबर सापडली नाही ते तिथल्या बसरा स्मारकावर. तिथे ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, आपले सुभेदार-जमादारही नावानिशी आले, पण हवालदार-नाईक-शिपाई नुसत्या आकड्यात. इथल्या खेड्यात गड्याचंही नाव दगडावर आहे, हे वाचताना मला ते खुपतं.

नावं मात्र नोंदवहीत आहेत, आणि त्याच संकेतस्थळावर सापडतात. तुमच्या पणजोबांचा शोध घ्यायचा असेल तर नावावरून सुरुवात करू नका. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, त्यामुळे एकाच नावाची स्पेलिंगं पाच. पलटण घाला: १०३, १०५, ११०, ११७ मराठा. फौज भारतीय, स्मारक बसरा. मग यादी सावकाश खाली सरकवत बापाचं नाव, गाव आणि तालुका बघा. कराड, खटाव, खेड, चिपळूण ही नावं मोठ्याने वाचली की वाकडंतिकडं स्पेलिंगही ओळखू येतं.