ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी रायफल निवडताना

ओहायो राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी रायफल घेताना आधी काडतूस ठरवावे. कारण तेथे रायफलीत तोंडाशी न आवळलेल्या, सरळ पुंगळीची .३५७ ते .५० कॅलिबरचीच (म्हणजे इंचांत मोजलेल्या गोळीच्या व्यासाची) काडतुसे चालतात, आणि त्यामुळे .३०-०६ सारखे सर्वपरिचित काडतूस आपोआप बाद होते. २०१९ साली आलेले .३५० लेजंड हे काडतूस (नाव .३५० असले तरी त्याची गोळी .३५७ मध्ये मोडते) खांद्याला धक्का कमी देते व १५० यार्डांपर्यंत पुरेसे ठरते, म्हणून नवशिक्याने तेच घ्यावे, असे माझे मत आहे. .४५० बुशमास्टर अधिक जोरकस खरे, पण हलक्या रायफलीत ते खांदा शेकून काढते. तेथील नियमाप्रमाणे चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसण्याची जागा) व मॅगझिन (काडतुसांची पेटी) मिळून ३ काडतुसेच भरता येतात. म्हणून मोठ्या मॅगझिनवर पैसे घालवू नयेत. दुर्बीण बसवल्यावर, शिकारीत वापरायच्या त्याच काडतुसांनी १०० यार्डांवर नेम जुळवून घ्यावा.