टीसी मागायच्या आधी

दिवाळीची सुट्टी संपली की विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, टीसी काढायला किती दिवस लागतात?" टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, तो घेऊन दुसऱ्या कॉलेजात जायचं असतं. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. या प्रश्नाला सरळ उत्तर मी कधीच दिलं नाही. आधी विचारायचे, "जागा कुठं मिळालीय?" बहुतेकांकडं जागा नसायची, नुसता वैताग असायचा. वैताग खराच असायचा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याला जोडून द्यायला कागद लागतो, तो नसायचा.

पोरांनो, आधी कॅलेंडर बघा. आपल्याकडं प्रवेशाचा हंगाम साधारण जून ते ऑगस्ट. नोव्हेंबरात कितीही ठाम ठरवलं तरी दुसऱ्या वर्षाची जागा पुढच्या हंगामाशिवाय मिळत नाही. म्हणजे निम्मं वर्ष हातात आहे, घाई कुणालाच नाही. आणि काही दिवशी तर काहीच ठरवायचं नाही. निकाल लागला तो दिवस, मेसवाल्याशी वाजलं ती रात्र, आणि संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. गड्ड्याला अख्खं सोलापूर होम मैदानाकडं निघालेलं असतं आणि सांगोल्याकडनं आलेलं पोरगं रूमवर एकटं. त्या आठवड्यात खिडकीवर आलेल्यांना मी सोमवारी या म्हणून परत पाठवायचे.

हा वेळ कशासाठी वापरायचा? नक्की काय नकोय ते शोधण्यासाठी. कॉलेज, विषय, गाव आणि रूम ही चार वेगवेगळी दुखणी आहेत, पण पोरं चारही एकाच वाक्यात सांगतात: "इथं मन लागत नाही." दोन आठवडे एक साधी वही ठेवा. जेव्हा जेव्हा सोडून जावंसं वाटलं, तेव्हा वेळ, जागा आणि सोबत कोण होतं एवढंच लिहा. कारण लिहू नका, कारणं आपण रचून लिहितो. मग वही पालथी घाला. सगळ्या नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या असतील तर भानगड रूमची आहे, कॉलेजची नाही. वर्गातल्या असतील तर कुठल्या तासाच्या ते बघा. एकाच मास्तरांच्या तासाच्या असतील तर ते मास्तर पुढच्या सेमिस्टरला बहुधा नसतील. सगळ्याच तासांच्या असतील, तर मात्र विषयाचं बघायला हवं.

सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी आठवते. घरी तेलुगू, शाळा मराठी, आई विड्या वळायची. बारावीला गुण चांगले, म्हणून बी.एस्सी. घेतलं, आणि पहिल्या महिन्यात तिला वाटायला लागलं की आपल्याला डोकंच नाही. कला शाखेत जाते म्हणून अर्ज घेऊन आली. तिला म्हटलं, केमिस्ट्री अवघड वाटते की इंग्रजीतली केमिस्ट्री? पोरगी गप्प झाली. नंतर प्रात्यक्षिकाच्या बाई तिला तासानंतर अर्धा तास मराठीत सांगायच्या आणि ती इंग्रजीत उतरवून काढायची. अर्ज तिनं परत नेला. याउलट एका यंत्रमागवाल्याचा मुलगा. इंजिनिअरिंगला होता, पास होत होता, मित्र भरपूर, तक्रार काहीच नाही. पण वहीत त्यानं लिहिलं होतं की सुट्टीत वडिलांची खरेदी-विक्री सांभाळताना घड्याळ बघावं लागत नाही. त्याला मी थांबवलं नाही. पास होतोय म्हणून चाललंय चांगलं, असं घरच्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

विषय बरा आणि बाकीचं वाईट, असं निघालं तर कॉलेज न सोडता बरंच हलवता येतं. रूम बदला, गावावरून येणार असाल तर एसटीचा पास काढा, वर्गशिक्षकांना नाही तर निदान ग्रंथपालांना गाठा. ग्रंथपालांना सगळं माहिती असतं, लोक विचारत नाहीत एवढंच. कुणी छळत असेल तर तो अंगवळणी पाडून घ्यायचा विषय नाही, रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, सगळंच नकोसं झालंय अशी अवस्था असेल, तर कॉलेज बदलायचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, मराठीत बोलतात.

नव्या शैक्षणिक धोरणात आणखी एक वाट आहे. पहिलं वर्ष पूर्ण करून ४० ते ४४ क्रेडिट (श्रेयांक, म्हणजे झालेल्या अभ्यासाचं माप) आणि वर ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप झाली की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनी ८० ते ८८ क्रेडिटवर तशाच अटीनं डिप्लोमा. क्रेडिट तुमच्या एबीसी खात्यात (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं) सात वर्षांपर्यंत धरले जातात. म्हणून माझं पहिल्यापासून सांगणं: जायचं पक्कं असलं तरी चालू सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरा आणि पेपर द्या. "जायचंच आहे तर कशाला" म्हणून पेपर सोडणारे खूप बघितले. नव्या कॉलेजात दाखवायला गुणपत्रिकाच उरत नाही.

आता खरंच जायचं असेल तर. एकाच विद्यापीठातल्या एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सगळ्यात सोपं. विषय जुळतात, दोन्ही कॉलेजांची ना हरकत आणि विद्यापीठाची परवानगी, झालं. विद्यापीठ बदललं की काम वाढतं: मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला), नव्या विद्यापीठाची पात्रता, आणि मुख्य म्हणजे अभ्यासक्रमाची समकक्षता, म्हणजे इथं शिकलेलं तिथं किती धरणार. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं. त्याच्या आधी आपली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला होती आणि अडलेल्या मायग्रेशनसाठी पोरं कोल्हापूर गाठायची. आता पुणे रस्त्यावर केगावला गेलं की काम होतं. पण या सोयीनं एक गैरसमजही झालाय, की सोलापुरातलं सगळंच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं. तसं नाही. इंजिनिअरिंगची काही कॉलेजं लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडं गेली, काही स्वायत्त झाली आणि त्यांचा अभ्यासक्रम त्यांचा. दोन कॉलेजं एकाच रस्त्यावर असली तरी तिसऱ्या सेमिस्टरचे विषय वेगळे निघू शकतात. त्यामुळं "जुळतंय की सगळं" असं फोनवर कुणी सांगितलं तर मानू नका. दोन्हीकडचे अभ्यासक्रम छापून घ्या, शेजारी ठेवा, न जुळणाऱ्या विषयांवर खूण करा आणि त्या विभागप्रमुखांची त्यावर सही मागा. जितके विषय मागं राहतील तितके जादा पेपर नव्या ठिकाणी द्यावे लागतील.

दुसऱ्या वर्षात जाणं त्यातल्या त्यात बरं. तिसऱ्या वर्षी जागाही कमी आणि समकक्षतेचा घोळही मोठा. मागचे विषय राहिले असतील तर ते इथंच काढा, एटीकेटी घेऊन विद्यापीठ ओलांडायला जाऊ नका. शाखाच बदलायची असेल तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्या वर्षाला, पुन्हा सीईटी (प्रवेश परीक्षा) आणि कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया). एक वर्ष जातं. जाऊ दे. वीस वर्षांच्या माणसाचं एक वर्ष ही घरच्यांना वाटते तेवढी मोठी रक्कम नाही, शिष्यवृत्ती बुडाली तर मात्र मोठी आहे. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज जुन्या कॉलेजच्या नावानं चालू असताना नवीन ठिकाणी काय होणार, हे स्कॉलरशिपच्या टेबलाला जाऊन विचारा आणि लेखी घ्या. मुलींनी जास्त जपून. २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची माफी आहे. कॅपच्या बाहेरून जागा घेतली तर हे सगळं हातचं जाऊ शकतं.

पुण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण निम्मे अर्ज पुण्यासाठी असतात. बघितल्याशिवाय जाऊ नका. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापुरातून निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परत फिरते, मुक्कामाचा खर्च नाही. कामाचा वार निवडा, रविवारी रिकामी इमारत दिसते. प्रवेश कक्षात शेवटी जा. आधी कँटीनला बसा आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, काल किती तास झाले, राहता कुठं, महिन्याला किती लागतात. मग त्यांच्या रूमवर जाऊन एक चक्कर मारा. इथं सात रस्त्याजवळ मिळते तशी खोली त्या पैशात तिथं मिळत नाही, तिथं कॉट मिळते. परतीच्या गाडीत पुण्यातल्या खर्चाचा आकडा कागदावर मांडा, दौंड यायच्या आत चित्र बरंच स्पष्ट होतं.

घरी सांगताना हाच कागद कामाला येतो. वडील पाळी करून आले असतील त्या रात्री विषय काढू नका. आणि "मला कॉलेज नको" असं म्हणूच नका, त्याचा अर्थ घरात "पोरगं शिक्षण सोडतंय" असाच होतो. "अप्पा, शिकायचंय, पण हा विषय नको, हे दुसरं बघितलंय, एवढा खर्च, एवढी वर्षं," असं म्हणा. "पैसे भरलेत की रे आता," हे वाक्य येणारच. त्याला उत्तर तयार ठेवा, कारण त्याला खरंच उत्तर आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली फी परतीचं कोष्टक घालून दिलं. प्रवेशाची जी अधिकृत शेवटची तारीख असते, तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रियेचं थोडं शुल्क कापून सगळी फी परत. शेवटच्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, पुढं ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यानंतर शून्य. म्हणजे ६०,००० फी असेल तर दोन आठवड्यांच्या दिरंगाईत ४८,००० चे ३०,००० होतात. अनामत रक्कम या हिशेबात येत नाही, ती पूर्ण परत द्यायची असते. आणखी एक, याच नियमानं कॉलेजला तुमची मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. पडताळून परत द्यायची. "मूळ दाखला आमच्याकडं आहे, बघू कुठं जातोस" असं कुणी म्हणालं तर लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाका. कॅपमधून झालेल्या प्रवेशाच्या रद्द करायच्या तारखा सीईटी सेल वेगळ्या लावतं, त्या तिथंच बघा.

आता कागदांचा क्रम. हा मोडला की पोरं रडत येतात. आधी नव्या कॉलेजात जागा असल्याचं पत्र. मग समकक्षतेची सही. मग आपल्या कॉलेजकडं ना हरकतीचा अर्ज. मग ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांचं देणं नसल्याचा दाखला, यात एखादं हरवलेलं पुस्तक हमखास निघतं, ते आधीच भरून टाका. मग टीसी, आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सगळ्यात शेवटी. टीसी हातात पडली की तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी राहत नाही. पुढची जागा हुकली तर परत घेणं न घेणं रिकाम्या जागेवर आणि प्राचार्यांवर. टीसी नव्या कॉलेजात जमा होणार, म्हणून आधी तिच्या चार-पाच झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा. जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदतही त्याच बैठकीत बघून घ्या. नॉन-क्रिमीलेअर संपलेलं असतं आणि कळतं प्रवेशाच्या आदल्या दिवशी, तेव्हा सेतू केंद्रात रांग असते.

नवीन ठिकाणी गेल्यावर महिन्याभरात डिजिलॉकरमधून एबीसी खातं उघडून जुने क्रेडिट दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला अर्ज द्यायचा, नव्या नाही. आणि टीसीसाठी शनिवारी जाऊ नका. सही करणारे बैठकीला गेलेले असतात आणि शिक्का कपाटात असतो.