घरात अ‍ॅलर्जीवाले असतील तर गेकोला किडे कुठले आणायचे?

घरात कुणाला दमा नाहीतर धुळीची अ‍ॅलर्जी असेल आणि लेपर्ड गेको (पाळीव पालीचा एक प्रकार) पाळलाय, तर त्याला खायला घालायच्या डुबिया झुरळांची कॉलनी घरी वाढवायच्या भानगडीत पडूच नका. स्वस्त पडतं, उड्या मारून पळत नाहीत, सगळं खरंय, पण त्यांची वाळलेली विष्ठा आणि टाकलेली कात यांचा बारीक भुगा होतो, डबा उघडला की तो भसकन हवेत उडतो आणि शिंका, डोळे चोळणं सुरू. क्रिकेट (रातकिडे), मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) यांचंही थोडंफार तसंच, त्यात मीलवर्मच्या कोंड्यात माइट्स (अगदी बारीक, जेमतेम दिसणारे जीव) होतात ते वेगळंच. कोळंबी खाल्ली की ज्यांच्या अंगावर पित्त उठतं त्यांनी तर जास्तच जपा, ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन कोळंबी, झुरळं, धुळीतले माइट्स सगळ्यांत असतं, म्हणून एकाची अ‍ॅलर्जी असली की दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो.

त्यापेक्षा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या छोट्या डबीत, लागतील तेवढ्याच आणा (जास्त दिवस ठेवल्या तर माश्या होतात!), कॅल्शियमही भरपूर असतं त्यांच्यात. पूर्ण सेफ कुठलाच किडा नाही हां. डबा बाल्कनीत नेऊन मास्क-ग्लोव्ह्ज घालून साफ करा, झाडू-ब्रश नको, ओल्या टिश्यूने पुसा. आणि हे काम अ‍ॅलर्जीवाल्याला देऊ नका, गेको त्याचाच असला तरी.